बिनपाण्याचं झुडूप

दारातल्या झुडपावरून घरच्यांची अक्कल ओळखता येते, हे शास्त्र आहे. मद्रासजवळच्या आवडी नावाच्या गावी आमच्या सरकारी कॉलनीत हे शास्त्र राबवायला एक उद्यान समितीही होती. सत्याऐंशीच्या उन्हाळ्यात पाण्याची लॉरी एक दिवसाआड येऊ लागली, तेव्हा समितीने स्पर्धा जाहीर केली. ज्याची बाग सगळ्यात हिरवी, त्याच्या अंगणात थेट बोअरचा नळ. (नळ नसताना बाग हिरवी कशी ठेवायची, असं एकाने विचारलं. ज्याला ते जमतं त्यालाच नळ देणार, नाहीतर पाणी वाया जाईल, असं समितीने कळवलं.)

"नळ आलाच म्हणून समज," उमाकांत सबनीस बायकोला म्हणाले. "खाली कुठली बादली ठेवायची, एवढंच तू ठरव."

"तोवर ही घागर उचला," लॉरीच्या रांगेतून आलेल्या अलकनंदाबाई म्हणाल्या.

उमाकांतरावांनी रजा काढून शास्त्रीय निवड केली. जास्वंद शेळ्यांना आवडते, बाद. अबोलीची चौऱ्याण्णव टक्के फुलं उजाडायच्या आत शेजारणींच्या केसांत जातात (उरलेली देवाला). कढीपत्ता लावला की तो कॉलनीभर सांबारात. मेंदी लग्नसराईत बोडकी होते. तुळस बाद करायची हिंमत झाली नाही, म्हणून तिचा विचारच केला नाही. थोडक्यात, जे काही पीत नाही, काही देत नाही आणि कुणालाही नको असतं, असं झुडूप हवं होतं. हे सगळे गुण शेराच्या झुडपात एकवटले आहेत. पानं नाहीत, फुलं नाहीत, नुसत्या हिरव्या कांड्या. (त्यांचे साहेबही या वर्णनात बसत होते, पण ते जमिनीत लावता येत नव्हते.)

शेर थेट सांगोल्याहून आणला, कोरड्या फडक्यात गुंडाळून, दोन गाड्या बदलून. आवडी स्टेशनमागे तो रानोमाळ उगवतो हे मागाहून कळलं. पण तो स्थानिक.

शेर थेंबभर पाण्याशिवाय तरारला. मग एका शेळीने त्याचा चावा घेतला, थुंकला आणि ती कायमची निघून गेली. मोडक्या कांडीतून पांढरा चीक टपकू लागला. तो शेजारच्या सकवारबाईंनी पाहिला. त्या जुन्या तंजावरच्या मराठी घराण्यातल्या.

"अय्यो, झाड दूध देतेय. अम्मन हाय ती, देवी."

"सकवारबाई, तो शेर आहे. चीक आहे तो."

"चीक तुमच्या सांगोल्यात. इथं अम्मन."

संध्याकाळपर्यंत शेराला पिवळं फडकं, कुंकू आणि लिंबांची माळ चढली. उन्हाळ्यात अम्मन तापते, तिला गार ठेवावं लागतं. त्यामुळे लॉरीच्या रांगेत अर्ध्या घागरीसाठी एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या बायका जाताजाता तिच्यावर तांब्या तांब्या ओतू लागल्या. उमाकांतराव फाटकात हात जोडून उभे राहिले.

"पाया पडतो, पाणी घालू नका. मरेल तो."

बायकांनी त्यांना पुजारी समजून हातात नारळ दिला.

आयुष्यात एवढं पाणी न पाहिलेला शेर आधी पिवळा पडला, मग कुजला, मग आडवा झाला. "अम्मन भूमीत गेली," सकवारबाईंनी जाहीर केलं. बायकांनी मग भूमीवर पाणी ओतायला सुरुवात केली.

समिती पाहणीला आली तेव्हा त्या चिखलात गुडघाभर गवत माजलं होतं. एवढं हिरवं कॉलनीत दुसरं काही नव्हतं. सबनीसांचा पहिला नंबर आला आणि नळ मंजूर झाला. मात्र जागा आता देवस्थानाची असल्याने तो अम्मनच्या नावे बसवण्यात आला. अलकनंदाबाई आता पाण्यासाठी स्वतःच्याच अंगणात रांगेला उभ्या राहतात. (पहिला मान सकवारबाईंचा.)

हे वाचून तुम्ही म्हणाल, माणसं कशी असतात बघा, आम्ही असतो तर तांब्या ओतला नसता. परवा तुमच्याच गल्लीतून एक बस भरून मंडळी दर्शनाला आली. त्यांच्या धक्काबुक्कीत नळ तुटला.