लिंबाजीअप्पांची उलटतपासणी

आमच्या लिंबाजीअप्पांना नुसता राम राम घालावा आणि मुकाट पुढं जावं. त्यावर एक शब्द जास्त बोललात की मेलात.

"अप्पा, तहसीलदाराची बदली झाली म्हणं."

झालं! अप्पा बंडीच्या खिशातून वही काढणार, चष्मा नाकावर ओढणार आणि विचारणार, "पाह्यलं का ऐकलं?"

"ऐकलं."

"कुनाकडून? तो तिथं होता का? कोन्या बाजूला उभा होता?"

एकदा पुतण्यासाठी मुलगी पाहून आलो आणि हौसेनं सांगायला गेलो, मुलगी गोरीपान आहे. अप्पा म्हणाले, "उजेडात पाह्यली का दिव्यात?" म्हटलं, दिव्यात. "मंग मी लिहून घेत न्हाई." घ्या!

मी भोकरदनचा शिंपी. माझ्या दुकानाला लागूनच अप्पांची खोली. घर मेंढपाळाचं, पण अप्पा चार बुकं शिकले आणि कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहू लागले. राज्य निजामाचं. चार माणसं जमवायची तर परवानगी लागायची, आणि अशा दिवसांत या गृहस्थांना नाद लागला तो भलताच. कुणाची सभा कुणी उधळली, कुणाला वेठीला धरून मारलं, कुणाला पाणवठ्यावरून हाकललं, ज्याचा तपास कुणी केला नाही तो अप्पा करणार! कचेरीचे कागद उर्दूत, म्हणून पंचेचाळिसाव्या वर्षी मौलवीसाहेबांपुढं मांडी घालून अलिफ-बे गिरवायला बसले. पुण्याकडच्या एका संपादकानं "द्या, छापतो" म्हणून कळवलं, तर त्यालाच उत्तर धाडलं, "अजून बराबर झालं न्हाई. घाई असंल तं दुसरं कायतरी छापा."

सगळ्या वह्यांत मोठं प्रकरण एकच, सखाराम मास्तरांचं. मास्तरांनी केदारखेड्याकडं वाचनालय काढलं होतं. बंदी घातलेली वर्तमानपत्रं ते मोठ्यानं वाचून दाखवत, आणि ऐकायला कुठल्याही जातीच्या माणसानं मांडीला मांडी लावून बसावं असा त्यांचा हट्ट. एके दिवशी मास्तर विहिरीत सापडले. 'जीव दिला' एवढं कागदावर आलं आणि प्रकरण बंद. त्यांची म्हातारी आई गयाबाई सांगत राहिली, "माझं लेकरू जीव देनारं न्हवतं." कोण ऐकतंय? उलट आईच्या कटकटीला कंटाळून गेला, असं गाव बोलू लागलं. हे मात्र अप्पांना फार लागलं.

सहा वर्षं ते साक्षीदार शोधत होते. सापडला तो त्यांच्याच भावकीतला बिरूदादा. त्या दिवशी त्याची मेंढरं विहिरीजवळच बसली होती. त्यानं सगळं पाहिलं होतं, पण भीतीपायी तोंड उघडलं नव्हतं. आता तो बोलायला तयार होता, थांबायला नव्हता. "मेंढरं थांबत न्हाईत, लिंबा. लिवायचं तं चालत लिव."

मग काय, अप्पा गळ्यात दौत बांधून कळपामागं चालत लिहून राह्यले. तिसऱ्या दिवशी साक्ष पुरी झाली. बाभळीखाली जरा डोळा लागला, तेवढ्यात कळपातल्या एका शेळीनं सगळी साक्ष खाल्ली. कोरे कागदसुद्धा सोडले नाहीत सटवीनं!

कागद न्यायला परत आले तेव्हा मी म्हटलं, "अप्पा, तुम्हाला तोंडपाठ असंल की. घ्या लिहून."

मीच पानं खाल्ल्यासारखं पाह्यलं माझ्याकडं. "ती माझी याद झाली, रामभाऊ. साक्ष त्याची पाहिजे."

आणि निघाले पुन्हा. नुसता कळप गाठायलाच चार दिवस लागले.

नवी साक्ष घेऊन आले तेव्हा घोटभर पाणी पिऊन मला म्हणाले, "चला, गयाबाईला वाचून दाखवू."

भर दुपारी पोचलो. म्हातारी शेंगा फोडत बसली होती. अप्पा कचेरीतल्या आवाजात वाचू लागले. दोन माणसं होती. दोघांनी मास्तरांना विहिरीत ढकललं. वर यायला मोटेचा दोर होता, तो कापून नेला.

"म्हंजे त्यानं जीव न्हाई दिला?"

"न्हाई दिला, माय."

पदर तोंडाला लावून म्हातारी ढसाढसा रडली. मग डोळे पुसून हळूच म्हणाली, "लई वेळ लागला का रे त्याला?"

मी अप्पांच्या खांद्यावरून वही पाहत होतो. बिरूदादाचं पुढचं वाक्य तिथं लिहिलेलं होतं: 'बराच वेळ हाका येत होत्या. शेवटाला माय माय म्हणत होता.'

अप्पांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं, "लगेच गेला. त्याला काही कळलंबी न्हाई."

म्हातारीनं त्यांच्या हातावर शेंगदाणे ठेवले.

बाहेर आल्यावर अप्पा एका दगडावर बसले आणि त्यांनी दौत उघडली. मला वाटलं, ती ओळ खोडतात. खोडली नाही. खाली लिहिलं, 'आज गयाबाईस मी खोटं वाचून दाखवलं. गुन्हा कबूल.' आणि टाक माझ्यापुढं धरला. "सही करा. साक्षीदार लागतो."

मी हात पुढं केला नाही. म्हटलं, "अप्पा, मी कसला साक्षीदार? मीबी गप बसलो की तिथं."

अप्पांनी चष्मा नाकावर ओढून ती ओळ पुन्हा वाचली. "बराबर हाय," म्हणाले. मग टाक परत घेतला, 'मी' खोडलं आणि वर लिहिलं, 'आम्ही दोघांनी'.