पाचशे नंबरचं दार

"तू कुठेही जायचं नाहीस! फोन इथेच येईल, या खुर्चीत, चहा पिता पिता!"

हे मी माझ्या मुलीला, स्नेहलला, मंगळवारी सकाळी आठ वाजून पस्तीस मिनिटांनी सांगितलं. वेळ पक्की आठवते, कारण तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटवर तीस वर्षं मी टाइमकीपर होतो. कोण किती वाजता आला, कोण स्वतःचा डबा घेऊन आला आणि दुसऱ्याचा घेऊन गेला, सगळं माझ्या रजिस्टरात! माणूस गेटातून आत शिरतानाच मला कळायचं, आज चार वाजता याचं पोट दुखणार.

तर त्या दिवशी अकरा वाजता स्नेहलचा फोनवर इंटरव्ह्यू होता. बोईसरच्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलची जागा. दोन वर्षांत चौदा ठिकाणी नकार पचवलेली पोर, आता कुठे शेवटच्या तिघांत आली होती. कंपनी ऑफिसच्या लँडलाइनवरून फोन करणार होती. आणि आमचं घर चिंचणीत, चिकूच्या वाडीच्या पोटात! मोबाइलची रेंज आमच्याकडे जावयासारखी येते. वर्षातून दोनदा, तीही तोंड वाकडं करून.

"अप्पा, मी सालवडला मावशीकडे जाते. ज्ञानेश्वरी मावशीच्या खिडकीसमोरच टॉवर आहे," स्नेहल म्हणाली.

"टॉवर लागतो कुणाला? आपल्याकडे वाय-फाय कॉलिंग आहे! फोन वाय-फायला चिकटतो, तिथून इंटरनेटच्या रस्त्याने सरळ मोबाइल कंपनीच्या गेटवेवर. तिथे वॉचमन. सिम दाखव, ओळख पटव, मग आत, कंपनीच्या मुख्य नेटवर्कात! एकदा आत गेलं की लँडलाइन असो नाहीतर दिल्ली, कुणाशीही बोल."

हे ज्ञान माझा पुतण्या सुजित याचं. बोईसरला तो इंटरनेटची कनेक्शनं देतो, आमचंही त्यानेच दिलंय. वॉचमन तेवढा मी घातला.

"अहो, जाऊ द्या की तिला सालवडला," आमची रखमा म्हणाली.

"माझ्यावर विश्वास नाही?"

रखमाने मेथीची जुडी पुढे ओढली. ती भाजी निवडत राहिली. तीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो, ते उत्तरच होतं.

दहा वाजता मी ओट्यावर आलो आणि पाहतो तर काय! सात माणसं, सात फोन! शेजारच्या साखरबाई पायरीवर बसून बहिणीशी बोलत होत्या. म्हणजे बहीण डहाणूला होती, आणि साखरबाईंचा आवाज असा की फोन नसता तरी चाललं असतं. पासवर्ड मीच वाटला होता, खोटं कशाला बोलू? वाय-फाय आल्याच्या आनंदात पेढ्यांसारखा वाटला होता.

पण आज इंटरव्ह्यू! वाय-फायवर गर्दी नको. मी सुजितने दाखवलेलं राउटरचं पान उघडलं आणि माझ्यातला टाइमकीपर जागा झाला. सहा अनोळखी फोन? बाहेर! साखरबाईंचा तेवढा ओळखीचा, तो राहू दिला. खाली आणखी एक यादी होती, बाहेर जायच्या दारांची, सुजित त्यांना 'पोर्ट' म्हणतो, प्रत्येकाला नंबर. काही दारं सुजितने समजावली होती, त्यांची नोंद माझ्या वहीत होती. पण पाचशे आणि साडेचार हजार? या दोन दारांतून कोण जातं, कुठे जातं, कुणाच्या परवानगीने? वहीत नोंद नाही! माझ्या गेटवर नोंद नसलेलं मांजरसुद्धा सुटलं नव्हतं.

दोन्ही दारं बंद केली. वाटलं, आता वाय-फाय कसं लख्ख झालं!

साखरबाई वाक्याच्या मध्येच थांबल्या. हे पूर्वी कधी झालं नव्हतं.

"नरहरीभाऊ, फोन मेला हाय! आता तर बोलत होते!"

"अकरानंतर या."

"अकराला बहीण दवाखान्यात जाते. तुमी काय केलं?"

"शिस्त!" मी म्हणालो.

अकरा वाजले. स्नेहल नवा ड्रेस घालून खुर्चीत बसली. फोनवर इंटरव्ह्यू असला तरी ड्रेस नवा, आईचा हट्ट. अकरा पाच. अकरा दहा. फोन गप्प!

"ऑफिसवाले उशीरच करतात," मी म्हणालो.

"अप्पा, वाय-फाय कॉलिंगची खूण गेलीय वरून."

"वाय-फायचा पंखा पूर्ण दिसतोय ना? मग?"

"तुमच्या फोनवरून मला लावा बरं."

मी लावला. माझ्याच फोनने मला कळवलं की नेटवर्क उपलब्ध नाही! मी राउटर बंद करून चालू केला. दिवे लाल झाले, हिरवे झाले, फोन तसाच. फोन खिडकीत धरला. मग उंच धरला. मग स्टुलावर चढून उंच धरला. ओट्यावर साखरबाई आणि बाकी मंडळी खिडकीला नाक लावून उभी.

"देव पावतो का बघतायत," साखरबाईंनी मागच्यांना माहिती दिली.

स्नेहलच्या डोळ्यांत पाणी तरळलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "मी सालवडला जाते म्हणत होते," आणि स्कूटरची किल्ली घ्यायला उठली. मी स्टुलावरच राहिलो. उतरायला तोंड नव्हतं.

तेवढ्यात व्हॉट्सअ‍ॅप वाजलं. ते बेटं चालूच होतं, त्याचं दार माझ्या वहीत होतं ना! पलीकडून मावशी.

"स्नेहल, कुठे आहेस गं? त्या कंपनीचा फोन माझ्याकडे आला! तुझा तीनदा लागला नाही म्हणे. मी सांगितलं, मुलगी हुशार आहे, घरात रेंज नाही. साडेबाराला तुलाच परत करतायत. आता तरी नीट बस कुठेतरी!"

"तुझ्याकडे? तुझा नंबर त्यांना दिला कुणी?" मी स्टुलावरून विचारलं.

"मी," स्नेहल म्हणाली. "फॉर्ममध्ये दुसरा नंबर लिहायचा होता. तुम्हीच शिकवलंत ना अप्पा, दुसरा नंबर रिकामा असेल तर गेट पास द्यायचा नाही?"

मी उतरलो. साडेबाराला अजून तास होता, पण फोन अजून मेलेलाच! स्नेहलने किल्ली हातात ठेवूनच मला दहा मिनिटं दिली. व्हॉट्सअ‍ॅपवर सुजितला गाठलं, राउटरच्या पानाचा फोटो धाडला. फोटो बघताच तो ओरडला.

"काका, पाचशे आणि साडेचार हजार का बंद केलंत?"

"नोंद नव्हती."

"अहो, वाय-फाय कॉलिंगचा बोगदा तिथूनच जातो! तुमचा फोन त्याच दारांतून कंपनीच्या गेटवेपर्यंत पोचतो. तुम्ही वॉचमनला बसवलंत आणि त्याच्याकडे जायचा रस्ताच बुजवलात!"

मी दारं उघडली. खूण आली. स्नेहलने फोन स्पीकरवर ठेवून खोलीचं दार लावून घेतलं. बारा तीसला घंटी वाजली आणि रखमाने माझा हात इतका घट्ट धरला, की लग्नातसुद्धा तितका धरला नव्हता.

दाराला कान लावला नाही, असं मी म्हणणार नाही.

"अलीकडची एखादी अडचण सांगा, जिचं मूळ कारण तुम्ही शोधलंत," पलीकडचे साहेब म्हणाले.

स्नेहलने सगळं सांगितलं. दारं, नोंद, स्टूल, सगळं! तिच्या वडिलांना तिने 'मूळ कारण' म्हटलं. पलीकडे तीन माणसं हसत होती, मी मोजली.

"आणि पुन्हा होऊ नये म्हणून उपाय?"

"राउटरचा पासवर्ड वडिलांकडून काढून घेतला, सर."

"कधी?"

"हा फोन ठेवला की लगेच."

शुक्रवारी पत्र आलं. सोमवारपासून रुजू! मी इतका हरखलो की सातही फोनवाल्यांना ओट्यावर बोलावून पेढे दिले. या खेपेला खरे.

पासवर्ड मात्र बदललाय. स्नेहल दिवसभर कामावर असते, म्हणून तिने तो एका जबाबदार माणसाकडे ठेवलाय. काल माझा फोन वाय-फायमधून सुटला तेव्हा मी मुकाट्याने शेजारी गेलो.

साखरबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कोण तुमी? नोंद हाय का?"