मगदूम साहेबांचं उघड्यावरचं दही

मगदूम साहेब भर दुपारी डंपर धावणाऱ्या कच्च्या रस्त्याच्या कडेला स्टूल टाकायचे, त्यावर दह्याची वाटी उघडी ठेवायचे आणि अर्धा तास शेजारी उभे राहायचे. मग त्यातला एक चमचा तोंडात. दाताखाली कचकच लागली की संपलं! मोबाईल कानाला, आणि आवाज पार जयसिंगपूरच्या स्टँडपर्यंत: "टँकर कुठं मेलाय? रस्त्यावर पाणी कोण मारणार, मी?"

हायवे रुंदीकरणाच्या आमच्या साइटवर भूपाल मगदूम पर्यावरण अधिकारी होते. धूळ उडू द्यायची नाही, डिझेल ओढ्यात जाऊ द्यायचं नाही, खडी फोडणाऱ्या क्रशरचा आवाज आवरायचा, ही त्यांची कामं. मी स्टोअर सांभाळायचो; आमची टेबलं शेजारीशेजारी. धूळ मोजायचं चांगलं मशीन कंपनीनं दिलं होतं. साहेब त्याचे आकडे इमानदारीनं लिहायचे, पण विश्वास दह्यावर. एकदा मी विचारलंच. म्हणाले, "शिंदे, मशीन खोटं बोलत न्हाय. पर मशीनला जेवाय लागत न्हाय की! हितल्या बायका ह्याच धुळीत भाकरी थापत्यात."

ओढ्याकाठी डिझेलचं बॅरल दिसलं की ते लालेलाल व्हायचे. शिरोळच्या एका ड्रायव्हरला त्यांनी सगळ्यांदेखत झापलं होतं: "ह्ये डिझेल वड्यात जाणार, वड्याचं पाणी तुझी म्हस पिणार आन तिचं दूध माझ्या चहात येणार. मला मारतोस व्हय रं?" ड्रायव्हरनं मुकाट्यानं बॅरल उचललं. दुसऱ्या दिवशी घरचं दूध घेऊन आला. साहेबांनी वास घेतला, मान डोलावली आणि त्याच दुधाचं दही लावलं.

कच्च्या रस्त्याला लागून एक वस्ती होती आणि वस्तीतलं पहिलं घर आक्काचं. सत्तरीची बाई. मुलं कामानिमित्त बाहेरगावी, ती एकटीच. धुळीनं तिला खोकला जडला होता. साहेब रोज तिच्या दारात जाऊन विचारायचे, "आक्का, खोकला काय म्हणतोय?" आक्का म्हणायची, "तुझ्यापेक्षा कमी बोलतोय."

एके दिवशी वरचे साहेब पाहणीला येणार होते. मॅनेजरनं दोन्ही टँकर तिकडं, तयार झालेला रस्ता धुवायला पाठवले. इकडं डंपर सुरूच. मगदूम साहेब आक्काच्या दारात गेले, तर ती पायरीवर वाकून खोकत होती. उत्तर द्यायलाही श्वास पुरेना. साहेबांनी तिला पाणी दिलं, आत नेऊन बसवलं, दार ओढून घेतलं आणि बाहेर येऊन स्टूल थेट रस्त्याच्या मधोमध टाकलं. मांडीवर दह्याची वाटी.

बारा डंपर धूळ उडवत आले आणि एकामागं एक उभे राहिले. हॉर्नचा नुसता गोंगाट. साहेब ओरडले, "वाजवा पावणं, वाजवा! हॉर्ननं धूळ उडत न्हाय!"

मॅनेजर जीपमधून आला. "मगदूम, हा काय तमाशा लावलाय? तासाभरात पाहणी आहे. नोकरी जाईल तुमची!"

"जाऊ दे की. पर आधी एक घास घेऊन बघा."

बारा ड्रायव्हर बघत होते. मॅनेजरनं हसत चमचा तोंडात घातला आणि त्याचं हसू तिथंच थांबलं. थुंकणार, तेवढ्यात त्याला दिसलं, आक्का दार किलकिलं करून बघत होती. त्यानं घास गिळला. खिशातून फोन काढला आणि कुणाकडं न बघता म्हणाला, "एक टँकर इकडं पाठवा. आत्ता."

पाहणी नीट पार पडली. पंधरा दिवसांनी मगदूम साहेबांची बदली मात्र सातारच्या पुढच्या साइटवर झाली. शिक्षा की बढती, कुणीच सांगितलं नाही.

ते गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, बरोबर दीड वाजता फोन आला. "शिंदे, आक्काचा खोकला कसा हाय?" आक्काकडं फोन नव्हता. मी उन्हातून जायचो, विचारून यायचो, परत फोन करायचो. महिनाभर हे चाललं. मग तिच्या दारापुढं डांबर पडलं, धूळ थांबली, खोकलाही थांबला. मी मोठ्या आनंदानं सांगितलं, "साहेब, आक्का ठणठणीत! आठ दिवसांत एकदाही खोकल्या नाहीत."

साहेब एवढंच म्हणाले, "बरं झालं की."

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी आक्काच ऑफिसच्या दारात हजर. "लाव फोन त्याला." मी लावून दिला.

"काय रं भूपाल, खोकला गेला म्हणून तूबी गेलास व्हय?"

तिनं फोन माझ्या हातात दिला. बारा डंपर अडवणारा माणूस नुसता घसा खाकरत होता. शेवटी म्हणाले, "सांगा त्यांना, रविवारी येतो."

मी गमतीनं म्हटलं, "रविवारी वहिनी सोडतील का?"

"ती जाऊन सहा वर्सं झाली, शिंदे."

दोन वर्षं मी या माणसाच्या शेजारी बसलो होतो. घरी कोण असतं, एवढं कधी विचारलं नव्हतं.

"लेक लांब असती," ते म्हणाले. "दुपारी डबा उघडला की कुणाला तरी फोन करावा वाटतो. पर उगंच कसा करणार? काय इचारणार?"

मी आक्काला सगळं सांगितलं. ती पदरानं तोंड पुसत उठली. "येडा हाय. आज काय भाजी केलीस, असं इचारलं तरी चालतंय म्हणावं."

रविवारी ते आले, पोटभर जेवले, संध्याकाळच्या गाडीनं गेले. सोमवारी दीडला माझा फोन वाजला.

"शिंदे, जरा आक्काकडं जाऊन या की. आज भाजी काय केलीया?"