सिंकखालच्या रिंगा

“बाबा, माझ्या खणातल्या रिंगा कुठं गेल्या?”

मुलीने हे इतक्या शांतपणे विचारलं की तात्यांनी चहाचा कप खाली ठेवला. तात्या प्लंबर होते. निवृत्त झाले होते, पण पाना सुटला नव्हता.

“त्या पांढऱ्या? लावल्या की. एक आपल्या सिंकखाली, पाइपाच्या जोडाला. बाकीच्या बिल्डिंगमध्ये लावून दिल्या. मऊ, पण चिवट. बाजारात असला माल नाही बघ. सगळ्यांना सांगितलं, माझ्या लेकीने बनवल्यात.”

लेक प्रयोगशाळेत होती. बायकांचं काहीतरी औषध करते, यापुढे तात्यांनी कधी विचारलं नव्हतं. असलं बोलायचं खातं तिच्या आईकडे होतं, आणि ती गेल्यापासून ते बंदच पडलं होतं.

आता लेकीने ते उघडलं. “बाबा, ती रिंग बाईने स्वतःच्या हाताने योनीमार्गात बसवायची असते. तिच्यातून औषध हळूहळू झिरपतं. नको असताना दिवस जाऊ नयेत आणि एचआयव्हीपासूनही बचाव व्हावा, दोन्ही एकाच रिंगेत. नवऱ्याची मनधरणी नको. तुम्ही लावल्यात त्या बिनऔषधाच्या, नुसत्या दाखवायच्या. आज चार वाजता खालच्या हॉलमध्ये सभा आहे, बायकांच्या हातात द्यायच्या होत्या.”

तात्यांनी सिंककडे पाहिलं. मग फरशीकडे.

मागच्या सभेला दोनच बायका आल्या होत्या, त्यातली एक पंख्याखाली बसायला. आजही खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर औषधाच्या रिंगेची चाचणी दुसऱ्या शहरात जाणार होती, आणि लेकीची इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात.

“पाना घ्या,” लेक म्हणाली.

पहिलं दार शिंपीणकाकूंचं. दार त्यांच्या नवऱ्याने उघडलं.

“रिंग? आमच्याकडे नाही बुवा. माझ्याशिवाय या घरात पान हलत नाही.”

तात्यांनी सिंकखाली हात घालून रिंग बाहेर काढली.

“हे काय आहे?” काकांनी विचारलं.

तात्या पुन्हा सिंकखाली शिरले ते बाहेर येईनात. उत्तर लेकीने दिलं, सरळ आणि सगळं. काकांना एकदम खाली काहीतरी काम आठवलं. काकूंनी शिलाई मशीन थांबवलं.

“आठवडाभर घरात होती, आणि यांना पत्ता नाही,” त्या म्हणाल्या. “किती वाजता यायचं म्हणालीस?”

पुढच्या घरांतही तेच. तात्या सिंकखाली, नवरा जिन्यात, बायको खुर्ची ओढून समोर. एका सासूबाईंनी तर, आमच्या वेळी का नाही काढलीत, म्हणून लेकीला झापलं. रिंग निघाली की गळती सुरू. पाणी खालच्या मजल्यावर पोचायच्या आत बातमी पोचत होती.

“तुला बोलताना काहीच कसं वाटत नाही गं?” तात्यांनी जिन्यात विचारलं.

“तुम्हाला पाना धरताना वाटतं का?”

चार वाजता हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या. साबणाने धुतलेल्या रिंगा हातोहात फिरत होत्या. कोणी ताणून बघत होतं, कोणी पिळून. लेक उत्तरं देत होती आणि कुठेही अडखळत नव्हती. भिंतीशी उभ्या राहिलेल्या तात्यांनी पहिल्यांदाच सगळं शेवटपर्यंत ऐकलं, मान वर करून.

प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई चकित झाल्या. “एवढ्या जणी जमवल्यास कशा?”

“घरोघर गेलो. स्वयंपाकघरात बसून बोललो.”

“आणि नवरे? त्यांनी अडवलं नाही?”

“ते घरी बादल्या बदलतायत.”

मोठ्या बाईंना हे नीटसं कळलं नाही, पण भरलेल्या खुर्च्या कळल्या. “चाचणी इथेच होईल,” त्या म्हणाल्या. “आणि पुढच्या वस्तीतही हीच पद्धत ठेवा.”

लेकीने तात्यांकडे पाहिलं. “बाबा, तिकडे तुमच्या ओळखीचं कोणी आहे?”

“माणसं नाहीत फारशी,” तात्या म्हणाले. “सिंक आहेत बरेच.”