पहिल्या करवंटीचा मान

"माणूस माकडापासून झाला असेल, तर ते पहिलं माकड कुणाच्या घराण्यातलं?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून फेतुआओने रविवारच्या बायबलवर्गात उभं राहून, खणखणीत आवाजात हे विचारलं. पाद्री एलेकाना शांत माणूस. सगळी देवाचीच लेकरं, असं सांगून त्यांनी विषय मिटवलाही असता. पण मागच्या बाकावर नातवाचं पाठांतर ऐकायला गावच्या पदवीधारी घराणेप्रमुखांतले, म्हणजे मताईंतले, थोरले तुइफाओ बसले होते, आणि सामोआत मताईच्या कानावर घराण्याचा प्रश्न पडला की तो प्रश्न राहत नाही, थेट विषयपत्रिकेवर जातो.

सोमवारी सगळे मताई गावसभेला बसले. सभेच्या घराला भिंती नाहीत, नुसते खांब. त्यामुळे गावातल्या सर्व गुप्त बैठका सर्वांना ऐकू येतात. फेतुआओ नीरफणसाच्या झाडाखाली बसून ऐकत होती. येत्या शनिवारी तिच्या बाबांना, पेसामिनोंना, मताईपद मिळायचं होतं. त्यासाठी त्यांनी कित्येक वर्षं याच सभेच्या मागे उभं राहून वाढपाची कामं केली होती. आता मूळ पुरुषाचा निकाल लागेपर्यंत सर्व पदव्या स्थगित.

तुइफाओंनी भूमिका मांडली की माकडाबद्दल त्यांच्या मनात आकस नाही. मात्र झाडावरून सर्वांत आधी जे उतरलं ते त्यांच्या घराण्यातलं, सबब सभेत आवा हे मानाचं पेय पिताना पहिली करवंटी त्यांचीच. सभेचे वक्ते लाउमाता यांना हे तत्त्वतः मान्य होतं. फक्त 'उतरा' असा सल्ला देणारा त्यांचा पूर्वज होता, आणि सल्ला आधी, उतरणं नंतर. तिसऱ्या एका मताईंचे पूर्वज मुद्दाम वरच थांबले होते, कारण कुणीतरी वर असावं लागतं. पाद्रीबाबा आदामाचं पान उघडून बसले होते. थोरल्यांनी माकड स्वीकारलंय हे लक्षात येताच त्यांनी हळूच पुढे उलटून नोहाचं तारू काढलं. त्यात माकडंही होती, आणि सन्मानाने होती.

पहिली करवंटी कुणाला द्यायची ते ठरेना, आणि करवंटीवाचून पदवी नाही. शेवटी पेसामिनो मागून भीत भीत म्हणाले, "पण आपल्या बेटावर माकडंच नाहीत."

सभा विचारात पडली.

"बरोबर आहे," लाउमाता म्हणाले. "इथल्या सगळ्या माकडांची माणसं झाली. राहिली ती ऑकलंडला."

हे सर्वांना पटलं, कारण निम्मं गाव पोटापाण्यासाठी न्यूझीलंडात, ऑकलंडलाच आहे. पण त्यामुळे पंचाईत वाढली. कुळातले वडीलधारे परदेशी असले तर त्यांची संमती घेतल्याशिवाय पदवी देता येत नाही, अशी रूढी आहे. ठराव झाला. फेतुआओच्या तिकडच्या काकाला निरोप गेला, आणि तो बिचारा शुक्रवारी मानाची चटई खांद्यावर टाकून प्राणिसंग्रहालयात गेला, पिंजऱ्यासमोर उभा राहून रीतसर भाषण करू लागला. सभेने ते मोबाइलवर पाहिलं.

आत केळी आली होती. थोरलं माकड पुढे झालं, बाकीची आपापल्या पायरीने थांबली. एक जण थोरल्याच्या पाठीवरच्या उवा वेचत होता. कोपऱ्यातलं एक नुसतं ओरडत होतं, आणि त्याचं कुणी ऐकत नव्हतं.

सगळी सभा मोबाइलवर आणखी वाकली.

"बसायची रीत बरोबर आहे," तुइफाओ हळूच म्हणाले.

लाउमातांनी ओरडणाऱ्यावर बोट ठेवलं. "हा आमच्यातला. बोलायची ढब बघा."

संमती गृहीत धरण्यात आली. थोरल्या माकडाच्या रीतीने तुइफाओंना पहिली करवंटी मिळाली, शनिवारी बाबांना पदवी मिळाली, आणि सर्वांत शेवटची करवंटी.

रविवारी चर्चहून आल्यावर नवे मताई एकटे जेवायला बसले. आई पंख्याने माश्या वारत होती. फेतुआओ आपली पाळी यायची वाट बघत उभी होती आणि धाकट्या भावाला कोपराने मागे सारत होती.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "मी माणसाच्या स्वभावाचा अभ्यास करणार."

"म्हणजे ऑकलंडला जाणार का गं?" आईने विचारलं.

"कशाला? सुरुवात घरूनच केलीये."

आईचा पंखा थांबला. बाबांनी उकडलेलं केळं खाली ठेवलं. "आमचा अभ्यास?"

"तुमचा झाला," फेतुआओ म्हणाली. "आता ही गोष्ट ऐकून जे हसतील, आणि 'आमच्याकडे बाई असलं काही नसतं' म्हणतील, त्यांचा."