दाराचा जोर

ज्या माणसाने आयुष्यभर तिळाएवढे स्क्रू चिमट्याने उचलून जागच्या जागी बसवले, त्याला गॅरेजचं दार काय जड जाणार, असं घड्याळकाका ज्याला त्याला सांगत. दाराला मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं.

काका घड्याळं दुरुस्त करत, म्हणून सगळी गल्ली त्यांना घड्याळकाका म्हणे. मनगटी घड्याळापुढे वाघ असलेला हा माणूस घड्याळाहून मोठ्या कुठल्याही यंत्रासमोर ससा होई. मिक्सर सुरू झाला की ते स्वयंपाकघरातून बाहेर पडत. गॅरेजचं दार तर आपोआप चालणारं. बटण दाबलं की छताला टांगलेली मोटर घरघरे, चेन खडखडे आणि पत्र्याचं ते अगडबंब धूड रुळांवरून सरकत खाली येई. काका त्याच्याखालून कधी चालत गेले नाहीत. नेहमी पळत गेले.

हल्ली महिनाभर ते दार रुसलं होतं. रिमोट दाबला की वीतभर खाली येई, जरा थबके आणि पुन्हा वर जाऊन बसे.

"बाबा, मेकॅनिकला बोलवा," लेक फोनवर म्हणाली होती. "ते दार कधी काय करेल याचा नेम नाही. मला कामासाठी आठवडाभर बाहेरगावी जायचंय, मुंगीला तुमच्याकडे ठेवायचंय. पण ते दार असं असेल तर मी तिला ठेवणार नाही. स्पष्टच सांगते."

मुंगी म्हणजे नात. वय अडीच. तिला मुंग्यांचं विलक्षण वेड. जमिनीवर काही हललं किंवा चमकलं की ती पालथी पडायची, दोन्ही तळहात फरशीवर पसरायची आणि नाक टेकेल इतकी खाली वाकून बघत राहायची. ती आठवडाभर घरात राहणार, या कल्पनेनेच काकांनी नवी गादी आणली होती, कपाटाचे कोपरे कापडाने मढवले होते. आता एका दारापायी हे सगळं हातचं जाणार?

"मेकॅनिक कशाला?" काका म्हणाले. "मी आहे ना. तू शनिवारी ये. दार तुला सलाम करेल."

फोन ठेवल्यावर त्यांनी आधी गॅरेजकडची खिडकी लावून घेतली.

शनिवारी सकाळी ते गॅरेजमध्ये उतरले. डोळ्याला भिंग, खिशात चिमटा, हातात त्यांचा जुना स्क्रूंचा पत्र्याचा डबा आणि मागे मदतीला काकू. काकूंची मदत शब्दांवाचून होती. सकाळी देवापुढे दिवा लावला की दुपारी बारापर्यंत त्या मौन पाळत. वर्षानुवर्षांचा नेम. एकदा शेगडीवरचं दूध उतू गेलं, तेव्हाही त्यांनी काकांना हाक मारली नव्हती, ताट वाजवलं होतं.

"हे बघ," काका म्हणाले, "तू भिंतीवरच्या बटणापाशी उभी राहा. मी सांगेन तेव्हा दाबायचं."

काकूंनी मान हलवली. मग हातातल्या केरसुणीने दाराच्या खालच्या कोपऱ्याकडे बोट दाखवावं तसं दाखवलं.

"केर नंतर काढ गं. इथे जिवाशी गाठ आहे."

काकूंनी पुन्हा तिकडेच केरसुणी रोखली. काका स्टुलावर चढत होते. चढताना त्यांना खाली बघायचं नव्हतं.

मोटरच्या पाठीला दोन स्क्रू होते. एकावर लिहिलं होतं 'अंतर', दुसऱ्यावर 'जोर'. काकांनी विचार केला. दार खाली येताना माघार घेतं, म्हणजे त्याच्या अंगात जोर कमी पडतो. अशक्त आहे बिचारं. काकांनी जोराच्या स्क्रूला स्क्रूड्रायव्हर लावला.

आता काकांची एक सवय सांगायला हवी. काम करताना ते हातातल्या वस्तूशी बोलत. दुकानात गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी घड्याळाला म्हणत, "हं, चल राजा, वळ जरा." तीच सवय इथे आली.

"चल," ते स्क्रूला म्हणाले. "चल की. दाब जरा, दाब."

काकूंनी बटण दाबलं.

काकांच्या कानाशेजारी मोटर गुरगुरली आणि चेन झटक्याने पुढे धावली. स्टूल डगमगलं. काकांनी जे हाताला लागलं ते मिठीत घेतलं. ती मोटरच होती. दार वीतभर खाली येऊन पुन्हा वर जाईपर्यंत ते तिला बिलगून डोळे मिटून उभे होते, एखादं लहान मूल अनोळखी पाहुण्याला चुकून आई समजून बिलगावं तसे.

"अगं, मी स्क्रूशी बोलत होतो," बऱ्याच वेळाने त्यांचा आवाज फुटला. "आता नियम ऐक. मी काहीही बोललो, कितीही ओरडलो, तरी बटणाला हात लावायचा नाही. मी टाळी वाजवली तरच दाबायचं. फक्त टाळी. कळलं?"

काकूंनी मान हलवली. नेम म्हटला की काकू तो पाळणारच, यात शंका नव्हती. काकांना तेवढ्यावर हायसं वाटलं. पुढे हीच गोष्ट त्यांना महागात पडणार होती.

मग काकांनी जोर वाढवला आणि टाळी वाजवली. दार वीतभर उतरलं, परत गेलं. आणखी वाढवला. टाळी. तेच. आणखी. टाळी. तेच. शेवटी स्क्रू फिरायचाच थांबला. घड्याळाचा स्क्रू असता तर काकांनी तिथेच ओळखलं असतं की खोट दुसरीकडे आहे. पण भीतीने माणसाचं डोकं चालत नाही, हात तेवढे चालतात.

इतक्या वेळात काकूंचा धीर संपला. त्या सरळ कोपऱ्याकडे गेल्या आणि खाली बसल्या. दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून घोट्याच्या जरा वर, एकेक लहानशी काळी डबी होती. एकीतून अदृश्य किरण निघायचा, समोरच्या डबीत पोचायचा, आणि मध्ये काही आलं की दार माघार घ्यायचं. त्यातल्या एका डबीच्या काचेवर मुंगीने मागच्या वेळी जाताना आपला आवडता चांदणीचा स्टिकर मोठ्या प्रेमाने चिकटवला होता. दार रुसलं नव्हतं. समोर कुणीतरी आहे असं समजून ते बिचारं महिनाभर सांभाळून वागत होतं.

काकूंनी नखाने स्टिकर काढला, काच पदराने पुसली आणि चांदणी काकांना दाखवायला हात वर केला.

"खेळणी नंतर," काका स्टुलावरूनच म्हणाले आणि त्यांनी टाळी वाजवली.

काकूंनी उसासा टाकून चांदणी काकांच्या सदऱ्याच्या मागच्या टोकाला चिकटवली, बटणापाशी जाऊन ते दाबलं, आणि दार खाली आलं. थेट, तडक, जमिनीपर्यंत. फरशी हादरली. फळीवरच्या बरण्या किणकिणल्या.

"बघ," काका कुजबुजले. मोठ्याने म्हणायची त्यांची छाती नव्हती. "माझ्या हातची जादू."

तरी मुंगीचा प्रश्न होता. खात्री करायला हवी. टाळी वाजवून त्यांनी दार वर घेतलं आणि तिचं कापडी अस्वल आणून उंबऱ्याच्या ओळीत बसवलं. टाळी. दार निघालं, वीतभर येऊन थबकलं आणि वर गेलं. काकांचे डोळे पाणावले. अस्वलाला ओरखडासुद्धा नाही.

"आता जरा सपाट काहीतरी ठेवू," ते म्हणाले आणि सहज म्हणून स्क्रूंचा डबा तिथे आडवा ठेवला. टाळी.

किरण डब्याच्या वरून निघून गेला. दाराला वाटलं, रस्ता मोकळा. ते खाली आलं, डब्याला भिडलं आणि थांबलं नाही. आधी कर्रर असा आवाज झाला. मग फट्. झाकण एकीकडे उडालं, स्क्रू उंबऱ्यावर विखुरले आणि वडिलांच्या वेळचा तो डबा चपटा होऊन दाराखालून अर्धा बाहेर आला.

काका त्याच्याकडे बघत राहिले. डबा किती उंच होता? पालथ्या पडलेल्या मुलीच्या पसरलेल्या तळहाताहून उंचच.

दाराला जोर मीच दिला, त्यांच्या मनात आलं. मीच, सगळाच्या सगळा. ते धडपडत स्टुलाकडे वळले आणि तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"अगं, त्यांना थांबव," काका म्हणाले. पण मौनातली बाई कुणाला थांबवणार? लेकीकडे दाराचा रिमोट होता. दार आपोआप वर जाऊ लागलं आणि पत्र्याखालून आधी चाकं, मग लेकीचे बूट, मग मुंगीचे लाल मोजे दिसले.

"बाबा, उघडलं की," लेक म्हणाली. "बंद होतं का पण? थांबा, मीच बघते."

"नको," काका म्हणाले. निदान त्यांना वाटलं की ते म्हणाले. तोंडातून फक्त वारा आला.

लेकीने रिमोट दाबला आणि गाडीतली बॅग काढायला पाठ फिरवली. त्याच क्षणी मुंगीला उंबऱ्यावर चमचमणारे स्क्रू दिसले. चंदेरी मुंग्याच. आईचं बोट सोडून ती धावली, बाहेरच्या बाजूला पालथी पडली आणि तिने दोन्ही तळहात नेमके दाराच्या ओळीत पसरले.

दार निघालं होतं.

"दाब," काका ओरडले. "अगं, बटण दाब. दाब ना."

काकू बटणापाशी उभ्या होत्या. बोट बटणावर होतं. डोळे काकांवर होते. त्या टाळीची वाट बघत होत्या.

काकांच्या एका हातात स्क्रूड्रायव्हर होता आणि दुसऱ्या हाताने स्टूल धरलेलं होतं. टाळी वाजवायचं त्या घटकेला त्यांना सुचलं नाही. त्यांना एवढंच दिसलं की दार आणि मोटर जिथे जोडलेली असतात तिथून एक लाल दोरी लोंबते आहे आणि दाराबरोबर पुढे सरकते आहे. आयुष्यात दाराखालून फक्त पळालेला तो माणूस दाराकडे धावला. दोरी ओढली. खट्कन दार मोटरपासून सुटलं. मोटर आपल्या तालात रिकामी चेन ओढत राहिली, आणि सुटलेलं दार स्वतःच्याच वजनाने खाली यायला लागलं.

काका त्याच्याखाली शिरले. गुडघे वाकले, मान आत गेली, दार खांद्यांवर बसलं. आणि थांबलं.

लेकीने वळून पाहिलं. मुलगी पालथी पडलेली, दार तिच्या हातांवर अधांतरी. तिच्या हातातली बॅग खाली पडली. मग तिने दीर्घ श्वास सोडला.

"बाई गं. मुंगी दिसल्याबरोबर थांबलं. बाबा, मानलं तुम्हाला. मी उगाच मेकॅनिक मेकॅनिक करत होते."

काका हसले. म्हणजे दात दिसले.

"पण तुम्ही असे वाकून का उभे?"

"स्वा... गताला," काका म्हणाले.

खरं सांगावं तर लेक मुंगीला घेऊन आल्या पावली परत जाणार. न सांगावं तर खांदे किती वेळ टिकतील याचा भरवसा नाही. पोटऱ्या लटपटायला लागल्या होत्या. खाली मुंगी एकेक स्क्रू मोजत होती, "एक मुंगी, अजून एक मुंगी."

"तिला... उचल," काका म्हणाले. आवाज घड्याळाच्या काट्याएवढा बारीक.

"असू दे हो. तुमच्या दाराची परीक्षा होऊ दे नीट." लेकीने फोन काढला. "थांबा, फोटो काढते. असेच राहा, हलू नका."

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजायला अजून वेळ होता. वर्षानुवर्षांचा नेम. काकूंनी डोळे मिटले, हात जोडले, कुणाची तरी मनातल्या मनात क्षमा मागितली आणि तोंड उघडलं.

"पोरीला उचल आधी," त्या नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाल्या. "थांबलंय ते दार नव्हे. तुझे बाबा आहेत."

त्यानंतर जे झालं ते फार पटकन झालं. लेकीने मुंगीला उचललं, काकूंनी स्टूल दाराखाली सरकवलं, आणि काका बाहेर आले ते तसेच वाकलेले. संध्याकाळपर्यंत ते सरळ झाले नाहीत.

लेक आधी रडली, मग रागावली. मुंगीला कडेवर घेऊन गाडीकडे निघाली. "मी हिला ठेवत नाही. मी जातच नाही कुठे. मुलीचे हात..."

"दार त्यांनी बिघडवलं, खरंय," काकू म्हणाल्या. "पण मिक्सरला घाबरणारा माणूस तिच्यासाठी त्या दाराखाली शिरला. आठवडाभर तिच्याकडे याहून जास्त लक्ष कोण देणार आहे? मेकॅनिकला बोलव, दार होऊ दे, मग ठरव."

लेक गाडीच्या दाराशीच थांबली. मग तिने फोन लावला.

मेकॅनिक आला. त्याने दार पुन्हा मोटरला जोडलं, स्प्रिंगा ताणल्या, डबीची काच बघितली. मग स्टुलावर चढला आणि जोराचा स्क्रू फिरवून बघितला.

"हा पार शेवटपर्यंत कुणी पिळला?" त्याने खाली बघत विचारलं. "आणि खाली डबीच्या काचेवर गोंद आहे. काय चिकटवलं होतं?"

मुंगीने आईच्या कडेवरूनच वाकलेल्या काकांच्या मागच्या बाजूला बोट दाखवलं. सदऱ्याच्या टोकाला चांदणी लकाकत होती.

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी काकूंकडे पाहिलं, मग हळूच ओठांवर बोट ठेवलं.

"त्यांचं मौन आहे," काकू मेकॅनिकला म्हणाल्या. "आजपासून."