पिल्लू एकच आहे

एक

भाडेकराराच्या अकराव्या कलमात छापलं होतं, ‘भाडेकरूस एक कुत्रा पाळता येईल.’ त्यापुढे घरमालक काकांनी स्वतःच्या हातानं, शाईच्या पेनानं, आणखी एक शब्द लिहिला होता. ‘एक.’ आणि त्याखाली रेघ मारली होती.

चष्मेवाल्यानं सही केली तेव्हा त्याला त्या रेघेत काही धोका दिसला नाही. त्याच्याकडे एकच डॉबरमन कुत्री होती. घरात तिला सगळे बाईसाहेब म्हणत, आणि एकाची दोन होण्याचा तिचा काही इरादा दिसत नव्हता. मग मध्ये चार दिवस सगळे मेव्हण्याकडे राहून आले. मेव्हण्याकडेही डॉबरमन होता. पुढचं सांगायला नको.

दीड महिन्यानं काकांनी त्याला जिन्यात गाठलं. काका निवृत्त पी.टी. मास्तर. नोकरी सुटली तरी गळ्यातली शिट्टी सुटली नव्हती.

“पोट दिसतंय,” काका म्हणाले.

चष्मेवाल्यानं आपलं पोट आत घेतलं. “बसून काम असतं ना काका...”

“तुमचं नाही हो, कुत्रीचं. एक पिल्लू झालं तर आठ आठवडे चालवून घेईन. जास्त झाली तर घर बघा. मांजरवाले आठवतायत ना?”

मांजरवाले सगळ्यांनाच आठवत होते. आधीचे भाडेकरू. करारात एक मांजर होतं, त्यांनी दोन पाळली. आठवड्याच्या आत त्यांच्या गाद्या जिन्यातून उतरल्या, आणि दोन्ही मांजरं गाद्यांवर बसून गेली.

बाईसाहेबांना सात पिल्लं झाली.

“अभिनंदन, सात!” प्राण्यांचे डॉक्टर हात धुत म्हणाले.

“काही कमी नाही का होणार?” चष्मेवाल्यानं विचारलं.

डॉक्टरांनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो घाईघाईनं फी मोजू लागला. दुसऱ्या दिवशी जिन्यात पुन्हा काका. “किती?”

आता इथं एक सांगायला हवं. चष्मेवाल्याच्या दुकानात एक पाटी होती, ‘गरज नसेल तर आम्ही चष्मा देत नाही.’ अठरा वर्षांत त्यानं एकाही गिऱ्हाइकाला खोटा नंबर सांगितला नव्हता. पण दुकान दोन गल्ल्या पलीकडे होतं आणि जिना इथं होता.

“एक,” तो म्हणाला. उरलेली सहा त्यानं मनातल्या मनात सांगितली.

दोन

पाच आठवडे निभावले. पिल्लं जोवर आंधळी आणि सुस्त असतात तोवर सात काय आणि सतरा काय. पण पाचव्या आठवड्यात पिल्लांना पाय फुटतात, आणि डॉबरमनच्या पिल्लांना ते जरा जास्तच फुटतात. डॉक्टरांनी कानाशेपटीला कात्री लावायला साफ नकार दिला होता. त्यामुळे घरात सात लांब शेपट्या जमिनीपासून वीतभर उंचीवर जे येईल ते झाडत फिरत होत्या.

पिल्लं इतकी सारखी, की एकाला लपवून दुसरं दाखवावं. सगळी काळी कुळकुळीत, सगळ्यांच्या डोळ्यांवर दोन-दोन तपकिरी ठिपके. “जन्मतःच चष्मा लागलेली आहेत,” असं चष्मेवाला पहिले चार दिवस म्हणत होता. पाचव्या दिवशी बायकोनं ते बंद करवलं. ती नर्स होती. वॉर्डातली शिस्त तिनं घरी आणली होती. प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची लोकर, रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन, आणि फ्रिजवर तक्ता:

*लाल ३ किलो ४००. निळी ३ किलो २५०. हिरवा ३ किलो ६०० (बसत नाही, बहुतेक जास्तच). पांढरी ३ किलो १००. केशरी ३ किलो ३००. जांभळा ३ किलो ४५० (यात चमचा धरला आहे, तोंडातून सोडेना). पिवळा २ किलो ९००, लाडका, कुणाला देऊ नये.*

शेवटची नोंद आठ वर्षांच्या कन्येच्या अक्षरात होती. खोटं बोलायचं नाही असं तिला घरात शिकवलेलं. म्हणून तिला काकांचं काही सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर ती पहिली खाली जाऊन सगळं विचारून आली असती.

रविवारी सकाळी हिरव्यानं वॉशिंग मशिनची नळी चावली.

ती फुटली हे कळायला पाच मिनिटं लागली, कारण पिल्लांनी ओरडा केला नाही. ती आनंदात होती. पाणी स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आलं, हॉलमधून भिंतीच्या कडेला गेलं, आणि तिथून काकांच्या छताला.

खालून प्रथम काकूंचा आवाज आला. काकूंना वर येताना कुणी कधी पाहिलं नव्हतं, आवाज मात्र रोज येई. “अहो! डोक्यावर पाणी पडतंय माझ्या! आणि हे पायपुसण्यावर काळे केस कुणाचे?”

मग जिन्यात काकांची पावलं वाजली. डावा उजवा, डावा उजवा.

“कात्री!” बायको म्हणाली.

“कात्री कशाला?”

“सात रंग आहेत गळ्यात! एक पिल्लू सात रंगांचं असतं का?”

काका दारापर्यंत येईतो तिनं सहा लोकरी कापल्या. टाके काढायचा सराव होता. पाच पिल्लं बेडरूममध्ये ढकलली आणि दार ओढून घेतलं. दोन राहिली. एक हॉलमध्ये, एक कुठेतरी. बाईसाहेब सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या. सात पोरांच्या आईला जगात काय चाललंय याच्याशी देणंघेणं नसतं.

“नळी फुटली काका, आत्ता पुसतो!” चष्मेवाला दार अडवून म्हणाला. काका त्याच्या काखेखालून आत आले.

हॉलमध्ये पिल्लू पायपुसणं फाडत होतं. काकांनी ते पाहिलं आणि पुढे गेले. स्वयंपाकघरात पिल्लू नळीशी लढत होतं.

काका थबकले. “हे मघाशी तिकडं होतं.”

“फार चपळ आहे,” बायको म्हणाली.

“मघाशी गळ्यात काही नव्हतं. आता हिरवी लोकर आहे.”

“आत्ताच घातली.”

“कुणी?”

“मी.”

“तुम्ही तर माझ्या मागे होतात.”

“मीपण चपळ आहे,” बायको म्हणाली. रात्रपाळी करणाऱ्या बाईला पेशंटच्या नातेवाइकांशी बोलायची सवय असते.

काका हॉलकडे वळले. आणि नेमकं तेव्हाच कन्येनं बेडरूमचं दार उघडलं.

पुन्हा दोन

पाचातली चार तिनं पायानं मागे सारली, पण एक सुटलंच. ते पायपुसणंवाल्याच्या शेजारी येऊन बसलं. दोघं खांद्याला खांदा लावून काकांकडे पाहू लागली. चार डोळे, चार ठिपके. त्यातल्या एकानं उठून काकांच्या बुटावर निवांतपणे लघवी केली.

काकांचा हात शिट्टीकडे गेला.

चष्मेवाल्याच्या डोळ्यांपुढे जिन्यातून उतरणाऱ्या गाद्या आल्या. आणि त्याच्या तोंडून, अठरा वर्षांच्या सवयीनं, एक वाक्य निघून गेलं.

“काका, तुम्हाला दोन दिसतायत?”

“म्हणजे?”

“किती दिवसांपासून होतंय असं?” एकदा तोंड उघडल्यावर ते बंद करणं त्याला जमेना. “घाबरू नका. डावा डोळा हातानं झाका. असा पूर्ण. आणि उजवा मिटा.”

“दोन्ही बंद केले तर दिसणार काय?”

“जरा आराम देतो त्यांना. हं... आता उजवा उघडा.”

मधल्या क्षणात बायकोनं एक पिल्लू मानेला धरून पदराखाली घेतलं होतं.

“किती?”

“एक,” काका म्हणाले. त्यांचा आवाज खोल गेला.

“बघा!” चष्मेवाला म्हणाला. त्यालाच आश्चर्य वाटलं. “एका डोळ्यानं एक दिसतं, दोन्हींनी दोन. डोळ्यांचा ताळमेळ बिघडला की असंच होतं.”

कन्या हे सगळं टक लावून पाहत होती. तिला हा खेळ फार आवडला. आईच्या पदराखालचं पिल्लू तिनं हळूच काढलं आणि जागेवर नेऊन ठेवलं. कमी वाटलं म्हणून आत जाऊन आणखी एक आणलं.

“आता दोन्ही डोळे उघडा,” चष्मेवाला काकांकडेच पाहत म्हणाला.

“तीन,” काका म्हणाले.

चष्मेवाल्यानं वळून पाहिलं. तीन होती.

“हे... जरा वाढलंय,” तो म्हणाला.

काका काठीशिवाय चालणारे गृहस्थ. पण त्या दिवशी ते कठडा धरून खाली उतरले. वर सात पिल्लं पुन्हा एकत्र झाली, आणि बायको कापलेल्या लोकरी हातात घेऊन उभी राहिली.

“आता यातला लाल कोण?”

त्या दिवसापासून तक्त्यावर प्रत्येक नावापुढे एक शब्द वाढला. *लाल (बहुतेक). निळी (बहुतेक).* पिवळ्याचं मात्र कन्येला नक्की ठाऊक होतं. त्याचा मागचा पाय जरा उशिरा पडतो म्हणे.

तीन, म्हणजे कमाल झाली

चष्मेवाल्याला वाटलं, सुटलो. पण लबाडीचं मांजरासारखं असतं. दाराबाहेर सोडलं तरी खिडकीतून परत येतं.

सोमवारी काकांची स्कूटर जागची हलली नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी काका जिना उतरताना प्रत्येक पायरी पायानं चाचपत होते. “पायऱ्या नक्की किती आहेत कुणास ठाऊक,” ते म्हणाले.

गुरुवारी काका दुकानात आले आणि खुर्चीत बसले, बरोबर पाटीच्या खाली.

“तपासा. शनिवारी मेंदूचा फोटो काढायला चाललोय. त्याआधी नंबर कळलेला बरा.”

चष्मेवाल्यानं तपासणीची जड फ्रेम त्यांच्या नाकावर ठेवली, काच न घालताच. काकांनी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वरून खाली वाचला. शेवटची ओळ सहसा कुणी वाचत नाही, ती घडाघडा वाचली. मग म्हणाले, “त्याखाली कोपऱ्यात छापखान्याचा पत्ता आहे. वाचू?”

अठरा वर्षांत चष्मेवाल्याला तिथं पत्ता आहे हेच माहीत नव्हतं.

एक बारीकशी काच उचलायची, ‘थोडा फरक आहे’ म्हणायचं. बस. घर राहिलं असतं. त्याचा हात काचांच्या पेटीपर्यंत गेलासुद्धा. पण समोर एक धडधाकट माणूस मेंदूचा फोटो काढायला निघाला होता, आणि त्याच्या डोक्यावर पाटी लटकत होती.

“काका,” तो म्हणाला, “तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. पिल्लं सात आहेत.”

“माहितीये,” काका म्हणाले.

“...माहितीये?”

“एकतीस वर्षं सहली नेल्या. बसमध्ये चढताना साठ, उतरताना साठ. डोक्यावर सात जण दुडदुडतायत हे मला कळणार नाही? ज्या दिवशी चालायला लागली त्याच दिवशी मोजली. एकाचा पाय उशिरा पडतो.”

“तो पिवळा,” चष्मेवाला क्षीण आवाजात म्हणाला. “आणि स्कूटर?”

“पंक्चर आहे.”

“जिना?”

“गुडघा.”

“मेंदूचा फोटो?”

“तो तुमच्यासाठी होता.” काकांनी फ्रेम काढून टेबलावर ठेवली. “खडू कुणी फेकला हे मास्तरला ठाऊक असतं. पण ज्यानं फेकला त्यानं उभं राहायचं असतं. चार दिवस लागले तुम्हाला. ठीक आहे, उशिरा का होईना उभे राहिलात.”

चष्मेवाला खरोखरच उभा होता. “मग आता... घर?”

“आठ आठवडे पुरे करा. मग पिल्लं चांगल्या घरी द्या. आणि ते बूट भिजवणारं मला.”

“तुम्हाला? पण करारात तर...”

काकांनी दुकानाच्या दाराकडे पाहून घेतलं आणि आवाज खाली आणला. “‘एकच कुत्रं’ हा नियम माझा वाटला होय तुम्हाला? करारातली रेघ तेवढी माझी. शब्द हिनं लिहायला लावलेला. मला तिची परवानगी काढायलाच आठ आठवडे लागतील.”

सात, मग एक

परवानगी मिळाली. एका पिल्लाची. काकूंचं म्हणणं खालून वरपर्यंत ऐकू आलं, “एक! कळलं? एक!”

नवव्या आठवड्यात पाच पिल्लं आपापल्या घरी गेली. कन्येनं प्रत्येकाबरोबर त्याच्या खोडींची यादी दिली, म्हणजे नव्या माणसांची फसवणूक नको. बूट भिजवणारं खाली गेलं. वर राहिला पिवळा, आणि अकरावं कलम पुन्हा आ वासून उभं राहिलं. कारण बाईसाहेब एक आणि पिवळा दोन.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काका वर आले. “त्याला एकट्याला करमत नाही हो,” ते म्हणाले. कुणाला करमत नाही ते त्यांनी सांगितलं नाही. कन्येनं बराच विचार केला, रोज भेटायला येण्याची अट घातली आणि पिवळ्याला त्यांच्या हातात दिलं. काका त्याला कोटात घालून खाली गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं दार उघडलं. काकू आल्या होत्या. जन्मात पहिल्यांदा आवाजामागची बाई दिसली. ठेंगणी, नीटनेटकी, हातात पिशवी. मागे काका.

“हिचे डोळे तपासा,” काका काळजीच्या सुरात म्हणाले. “कालपासून हिला दोन-दोन दिसतंय. मी बाहेर थांबतो, कुत्रं आहे बरोबर.”

काकू खुर्चीत बसल्या. तक्ता वरून खाली वाचला. शेवटची ओळ वाचली. “आणि तो खाली छापखान्याचा पत्ता का?” त्यांनी विचारलं.

चष्मेवाल्यानं पाटीकडे पाहिलं. मग काचेच्या दाराबाहेर पाहिलं. तिथं स्कूटरच्या चाकाला बांधलेलं एक पिल्लू होतं, त्याच्या शेजारी बांधलेलं दुसरं पिल्लू होतं, आणि दोघांच्या मधे एकतीस वर्षं शिस्त शिकवलेला माणूस काचेला नाक लावून, दोन्ही हात जोडून उभा होता.

काकूंनी खुर्ची फिरवली. “हे बघा, आत्तासुद्धा दोन दिसतायत. हे म्हणतात एकच आहे. आता काय खरं मानायचं तुम्हीच सांगा.”

चष्मेवाल्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग हात लांब करून भिंतीवरची पाटी हळूच उलटी केली.

“काकू,” तो म्हणाला, “डावा डोळा हातानं झाका. आणि उजवा जरा मिटा.”

बाहेर दोरी सुटल्याचा, काहीतरी केकाटल्याचा आणि बूट पळाल्याचा आवाज झाला. डावा उजवा, डावा उजवा.

“आता उघडा. किती?”

काकूंनी नीट पाहिलं. पुढे वाकून पुन्हा पाहिलं.

“अगंबाई, खरंच की,” त्या म्हणाल्या. “पिल्लू एकच आहे. पण आमचे हे कुठे गेले?”